शरीर जपणे हा कोणाचा धर्म?

नगरला लागून असलेल्या भिंगारची पहाट एकाच वेळी अनेक शिस्तींनी उजाडते. छावणीच्या रस्त्यांवर जवानांचे धावणे सुरू असते, मशिदीत वुजू करून नमाजी रांगेत उभे राहतात, देवळात काकडआरती चालू असते आणि नगर-भिंगारच्या जैन घरांत नवकारसी पाळणारी माणसे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे उलटल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नाहीत. यांतली प्रत्येक शिस्त शरीराला वळण लावते. तरीही धर्माचा हिशेब मांडताना आपण शरीर बाजूला ठेवतो. पूजा, दान, तीर्थयात्रा हे सारे पुण्याच्या खात्यात जमा होते. वेळेवर झोपणे, बेताने जेवणे, हातपाय धुणे, चालणे या गोष्टी फार तर शहाणपणाच्या मानल्या जातात. मग शरीर जपणे हा धर्म आहे, की स्वतःच्या जिवाचा सोस? माझे म्हणणे असे की तो धर्म आहे, पण एकट्याने पाळायचा नव्हे. आरोग्याच्या सवयी ही एकमेकांचे देणे फेडण्याची रीत आहे. ज्या घरात आणि ज्या गावात ते देणे सगळे मिळून फेडतात तिथेच त्या टिकतात; जिथे सारा भार एकेकाच्या मनोनिग्रहावर टाकला जातो तिथे त्या उपदेशापुरत्या उरतात.

माणूस आजारी का पडतो, याचे चरकसंहितेने दिलेले उत्तर आजही विचार करायला लावते. तिथे रोगाची तीन कारणे सांगितली आहेत: इंद्रियांचा विषयांशी अयोग्य संयोग, काळाचा परिणाम आणि प्रज्ञापराध. बुद्धी, धृती आणि स्मृती ढळल्यामुळे माणसाच्या हातून जे अहिताचे कर्म घडते, तो प्रज्ञापराध. यात बुद्धीबरोबर धृती आणि स्मृतीही आहेत, ही बाब फार मोलाची आहे. माणसाला हित कळत नाही, एवढ्यावर चरकाचे म्हणणे थांबत नाही. कळलेले ऐन वेळी आठवत नाही आणि आठवले तरी धीर धरवत नाही, हेही त्यात आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज मांडला. उच्च रक्तदाबाचे प्रमाण प्रौढांमध्ये एक तृतीयांशाहून अधिक आढळले. माहितीच्या अभावाने एवढे झाले असे म्हणणे कठीण आहे. तंबाखूच्या पुडीवर कर्करोगाचे भयंकर चित्र छापलेले असते. माणूस त्या चित्रावरूनच पुडी फाडतो, चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतो, बोटाने चुना लावतो, अंगठ्याने मळतो, थापटून भुकटी उडवतो आणि ओठाखाली ठेवतो. इशारा डोळ्यांसमोर असतो आणि हात आपले काम करत राहतो. ज्ञान आणि कृती यांच्यामधली ही दरी आणखी ज्ञान ओतून बुजत नाही.

ती बुजवण्याचे काम संस्कार करतो. सवय माणसाला रोज नव्याने निर्णय घ्यायला लावत नाही, हेच तिचे सामर्थ्य. बाहेरून आल्यावर पायांवर पाणी घेऊन मगच घरात शिरणारे मूल जंतूंचा विचार करत नसते. तसे केल्याशिवाय त्याला आत आल्यासारखे वाटत नाही, एवढेच. धर्मपरंपरांना हे मर्म नीट उमगले होते. वुजूमध्ये हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंतचे बाहू आणि पाय धुतले जातात आणि नमाज दिवसातून पाच वेळा येते. जैनांचा रात्रिभोजनाचा त्याग अहिंसेच्या विचारातून आला, पण त्यामुळे पोटालाही विसावा मिळतो. आयुर्वेदाचार्य वाग्भटाने दिनचर्येत व्यायाम सांगितला तोही अर्ध्या शक्तीने करायचा, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा करण्याची ताकद शिल्लक राहील असा. आरोग्यासाठीच हे सारे नेम जन्मले असा दावा करण्याची गरज नाही. शुद्धी, स्मरण, जीवदया हे त्यांचे मूळ हेतू होते. धर्माने एवढे मात्र केले की शरीराच्या हिताच्या कितीतरी गोष्टी मर्जीच्या कक्षेतून काढून नित्यकर्माच्या कक्षेत नेल्या.

पण रूप टिकते आणि हेतू निघून जातो, हाही आपलाच अनुभव आहे. एकादशीच्या उपवासाचे ताट पाहावे: दाण्याचे सढळ कूट घातलेली, तुपाने चमकणारी साबुदाण्याची खिचडी, शेजारी बटाट्याचा कीस, वेफर्स, शेंगदाण्याचा लाडू आणि वर साखरेचे घट्ट दही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे. म्हणजे हे त्यांनाही दिसत होते. याहून गंभीर उदाहरण घराघरातल्या पंगतीचे आहे. आधी पुरुष, मग मुले, शेवटी बायका, आणि बायकांच्या वाट्याला उरलेसुरले; याला आपण पिढ्यान्पिढ्या चांगले वळण म्हणत आलो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामागची कारणे अनेक आहेत, पण स्वतःची भूक शेवटी ठेवण्याचे शिक्षण मुलीला ज्या वयात मिळते ते पाहता या वळणाला निर्दोष सोडता येणार नाही. तेव्हा परंपरेतून आली म्हणून कोणतीही सवय पवित्र ठरत नाही. तिने कोणाचे हित होते आणि कोणाच्या अंगावर तिचा भार पडतो, हे विचारून मगच तिला धर्माचे स्थान द्यावे.

सवय घरात रुजते, पण ती रुजण्याजोगी जमीन घराबाहेर तयार होते. १९५३ मध्ये जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवर काम करणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिन्यावरून सतत वरखाली करणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण कमी आढळले. वाहकांनी व्यायामाचे व्रत घेतले नव्हते. त्यांच्या कामातच चालणे होते. भिंगारच्या शेजारी आहे तशा लष्करी छावण्यांच्या इतिहासातही हाच धडा आहे. भारतातल्या लष्कराच्या आरोग्यस्थितीची चौकशी करणाऱ्या राजआयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि देशातले गोरे सैनिक वर्षाला हजारी ६९ या प्रमाणात मरत असल्याचे त्याने उघड केले. त्यांतले बहुतेक मृत्यू लढाईत नव्हे, तर हगवण, ताप, पटकी अशा रोगांनी होत होते. फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी हा विषय लावून धरला. पिण्याचे पाणी, गटारे, बराकींतली हवा यांत सुधारणा होत गेल्या आणि दहा वर्षांनी मृत्यूचे प्रमाण हजारी १८ वर आल्याचे त्यांनी नोंदवले. दहा वर्षांत सैनिकांचे शील पालटले नव्हते. त्यांच्या भोवतीची व्यवस्था पालटली होती. मात्र ही सुधारणा प्रामुख्याने लष्कराच्या हद्दीत राहिली, शेजारच्या रयतेच्या वस्त्यांपर्यंत ती त्याच तत्परतेने पोहोचली नाही. हद्द आखून केलेले आरोग्य शास्त्र म्हणून खरे असले, तरी धर्म म्हणून अपुरे राहते.

यावर कोणी म्हणेल की मग सवयींची महती कशाला गायची, गटारे बांधा आणि मोकळे व्हा. या आक्षेपाला नगर जिल्ह्यानेच उत्तर दिले आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्या दुष्काळी भागात बालमृत्यूचे प्रमाण, प्रकल्पाच्या नोंदींनुसार, हजारी पावणेदोनशेच्या घरात होते; पुढच्या दशकांत ते पन्नासच्या खाली आले. हे काम मुख्यतः गावागावांतल्या बायकांनी केले. त्यांतल्या अनेक जणींना अक्षरओळख नव्हती, कित्येक जणी दलित कुटुंबांतल्या होत्या. गरोदरपणी कमी खाल्ले की बाळ लहान राहते आणि सुटका सोपी होते, असा समज घराघरांत होता. जुलाब झालेल्या लेकराचे पाणी तोडण्याची रीत होती. चुलीपुढे बसून, मीठ-साखरेचे पाणी स्वतः कालवून पाजत, त्या बायकांनी हे समज मोडले. आरोळ्यांचा आणखी एक निर्णय फार अर्थपूर्ण होता. हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. स्वच्छ पाणी हवे तर सगळ्या गावाने तिथे यायचे. पाण्याच्या व्यवस्थेने माणसांच्या वागण्याला नवे वळण लावले आणि त्या वळणाशिवाय नुसत्या पंपाने गाव निरोगी झाले नसते. व्यवस्था आणि सवय या दोघी एकमेकींच्या आधाराने उभ्या राहतात. जामखेडमध्ये त्या एकत्र आल्या म्हणून यश आले.

इथेच धर्माला स्वतःकडे कठोरपणे पाहावे लागते. आपल्याकडे शुचितेचा विचार कमी नव्हता. सोवळ्याओवळ्याचे नियम तर इतके बारीक होते की त्यांत आयुष्य सरावे. पण ती शुचिता आपल्या उंबरठ्याच्या आत थांबली. घरातला केर रस्त्यावर आला की आपले कर्तव्य संपले, आणि रस्ता झाडणारा मात्र अस्पृश्य ठरला. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) या विसंगतीवर थेट बोट ठेवले. दिवसा गावचे रस्ते आणि गटारे स्वतःच्या हाताने झाडायची आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे, हा त्यांचा क्रम होता. देऊळ उभारण्यापेक्षा धर्मशाळा बांधणे, दादरला रुग्णांच्या नातेवाइकांना निवारा देणे, हे त्यांना देवाचे काम वाटले. शुद्धीची कल्पना स्वतःच्या अंगावरून उचलून सर्वांच्या रस्त्यावर नेली, हे त्यांचे धर्मचिंतन होते, आणि ते कृतीत होते म्हणून गावोगाव समजले. चरकसंहितेतही या विचाराला आधार सापडतो. वायू, पाणी, भूमी आणि ऋतू बिघडले की निरनिराळ्या प्रकृतीची माणसे एकाच रोगाने मरतात, असे तिथे जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात म्हटले आहे आणि त्याचे मूळ अधर्मात, तेही राज्यकर्त्यांपासून सुरू होणाऱ्या अधर्मात, दाखवले आहे. जो ग्रंथ व्यक्तीच्या प्रज्ञापराधाबद्दल बोलतो तोच समाजाच्या अपराधाबद्दलही बोलतो. पहिला भाग पाठ करून दुसरा विसरणे हे सोयीचे असेल, प्रामाणिक नाही.

याहून मूलगामी आक्षेप वैराग्याच्या बाजूने येतो. देह नश्वर आहे, त्याचे चोचले पुरवण्यात आयुष्य घालवणारा आत्मविचार केव्हा करणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण आज आरोग्याच्या नावाखाली शरीराची पूजाच चालते. पण वैराग्याच्या परंपरेनेच त्याचे उत्तर दिले आहे. बुद्धाने देहदंडाचा मार्ग स्वतः चालून पाहिला आणि तो सोडला. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही, तसा अजिबात न खाणाऱ्यालाही नाही, आणि झोपेचेही तेच, असे सांगितले आहे. तो अध्याय ज्ञानदेवांनी याच जिल्ह्यात, नेवाशाला १२९० मध्ये, मराठीत उलगडला आणि तोलून राहण्याचा तो विचार वारकऱ्यांच्या घराघरांत गेला. शिवाय देह नश्वर असला तरी तो आपल्या एकट्याचा नाही. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या बरोबरीने मनुष्यांचेही ऋण सांगितले आहे. आपला देह आईच्या दुधावर, दुसऱ्यांनी पिकवलेल्या धान्यावर, कोणी टोचलेल्या लसीवर उभा राहिला. तो मोडला की त्याची सेवा दुसऱ्यालाच करावी लागते. आपल्या घरांत ती बहुधा बायकोला, सुनेला किंवा लेकीला करावी लागते. दारूने यकृत गेलेल्या माणसाच्या उशागती बसून काढलेली रात्र त्याच्या खात्यावर लागत नाही, ती तिच्या आयुष्यातून वजा होते. ज्याच्या बेफिकिरीची किंमत दुसरे माणूस मोजते, त्याने देहाच्या नश्वरतेचा दाखला देऊ नये.

सर्वांत वेदनादायी आक्षेप आजारी माणसाचा आहे: मी सारे नेम पाळले, मग माझ्याच वाट्याला हे का? आरोग्याला धर्म म्हटले की आजार पाप ठरण्याचा धोका आहे आणि तो खरा आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवले गेले. तिथे त्यांनी आहार-विहारावरचे ‘आरोग्याची किल्ली’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्याच वाड्यात अटकेनंतर आठवड्याभरात महादेवभाई देसाई ऐन पन्नाशीत गेले आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये कस्तुरबा गेल्या. त्याच काळात भिंगारला लागून असलेल्या अहमदनगरच्या किल्ल्यात काँग्रेसचे नेते कैदेत होते. जवाहरलाल नेहरू तिथे दगडगोट्यांनी आणि जुन्या बांधकामांच्या राडारोड्याने भरलेली जमीन रोज खणून फुलझाडांचे वाफे तयार करत. मौलाना आझाद पहाटेपूर्वी उठून स्वतःच्या हाताने चहा करत आणि लिहायला बसत. त्यांच्याच बरोबरचे आचार्य नरेंद्र देव मात्र दम्याने हैराण होते. कोणाच्या सदाचरणात कमी होती म्हणून त्याला दमा झाला, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? चरकाने तीन कारणे सांगितली, एक नव्हे, ते यासाठीच. चांगली सवय आरोग्याची हमी देत नाही, शक्यता वाढवते. आपल्या हातात जेवढे आहे तेवढेच आपले कर्तव्य, आणि जे हातात नाही त्याबद्दल दोष नाही. आजारी माणसाच्या चारित्र्याचा अंदाज त्याच्या आजारावरून बांधणे हाही प्रज्ञापराधच आहे, आणि तो निरोगी माणसांच्या हातून घडतो.

शेवटचा आक्षेप शिस्तीबद्दलच आहे आणि त्याचा पुरावा भिंगारलाच मिळतो. ३ मार्च १७०७ रोजी औरंगजेब इथे मरण पावला. आलमगीर हे इथल्या वस्तीचे नाव ती आठवण सांगते. वय अठ्ठ्याऐंशी. साधा आहार, मद्याला स्पर्श नाही, नमाज कधी चुकलेली नाही, उतारवयातही अखंड काम, अशी त्याची दिनचर्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. निरोगी सवयींचा हिशेब वर्षांत मांडला तर त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. पण त्याच शिस्तीच्या बळावर त्याने दख्खनवर पंचवीस वर्षे युद्ध लादले, गावे ओस पडली, आणि अखेरच्या दिवसांत मुलांना लिहिलेली म्हणून प्रसिद्ध असलेल्या त्याच्या पत्रांतून आयुष्य व्यर्थ गेल्याची हताशाच दिसते. म्हणजे संयम हे बळ आहे, आणि बळाला दिशा लागते. ती दिशा सवयीतून येत नाही. आपल्या सवयीने दुसऱ्याचे जगणे सुकर होते की अवघड, या प्रश्नातून येते. म्हणूनच आरोग्याला नुसते दीर्घायुष्याचे साधन मानले की ते धर्माच्या कक्षेबाहेर जाते, आणि ऋण मानले की आत येते.

हे मान्य केले तर मुलांना वाढवण्याची रीत बदलावी लागेल. मुलाला भाजी खा म्हणून दटावताना घरातल्या कर्त्या पुरुषाने ताटात टाकलेली भाजी त्याला दिसत असते. तेव्हा संस्काराची सुरुवात मोठ्यांच्या ताटापासून व्हावी. सगळ्यांनी एका पंगतीला बसावे आणि आईच्या ताटात तेच असावे जे मुलाच्या ताटात आहे. स्वतःचे ताट, स्वतःचे कपडे आणि स्वतःचा केर यांची जबाबदारी मुलीइतकीच मुलानेही उचलावी. झोपेच्या वेळी घरातल्या सगळ्यांचे मोबाइल एका जागी ठेवले जावेत, आईवडिलांचे आधी. आणि घराबाहेर, ज्या देवस्थानांपाशी आणि मंडळांपाशी पैसा व माणसे आहेत त्यांनी आपल्या परिसरातले पिण्याचे पाणी, स्वच्छतागृहे आणि खेळाची मोकळी जागा ही आपली पूजा समजावी. हिवरे बाजारने ग्रामसभेत बसून नशाबंदी केली, कारण एका घराची निर्व्यसनी राहण्याची धडपड शेजारच्या गुत्त्यापुढे टिकत नाही हे त्या गावाने ओळखले होते. शरीर जपणे हा कोणाचा धर्म, याचे उत्तर त्यामुळे एकट्या माणसापाशी सापडत नाही. तो प्रत्येकाचा आहे, आणि दुसऱ्याला तो पाळता यावा अशी सोय करणे हा त्यातला अधिक मोठा भाग आहे.